खांद्यावरची बोटं

काकूंच्या जेवणाच्या टेबलावर शनिवारी दुपारी जेवायला जागा नसायची. टेबलभर जाड रंगीत कागद पसरलेले असायचे. मधोमध कागद कापायची पट्टी, तिला त्या ट्रिमर म्हणायच्या, आणि भोवती डब्यांमधून कागदी फुलं, पानं, फिती, बारकी बटणं. काका आणि त्यांची मुलगी सोफ्यावर बसून मांडीवर ताट घेऊन जेवायचे.

"या घरात टेबल कागदांचं आहे. आपण पेइंग गेस्ट," काका म्हणायचे.

"भांडी डिशवॉशरमध्ये लावून जा, गेस्ट," काकू मान वर न करता म्हणायच्या.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. मी तेव्हा डॅलसजवळच्या एका विद्यापीठात एम.एस. करत होते आणि अर्विंगमध्ये दोन मुलींबरोबर अपार्टमेंटमध्ये राहत होते. तिथल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत काकूंशी ओळख झाली. मी गणित चांगलं शिकवते असं कुणीतरी त्यांना सांगितलं आणि त्या दर शनिवारी मला घ्यायला व्हॅन घेऊन येऊ लागल्या. मुलीचा तास झाला की मला लगेच सोडून येत नसत. "बस गं जरा, एक कार्ड करू," म्हणायच्या. पुण्यात त्या बँकेत होत्या. इथे त्यांच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. घरातल्या प्रत्येक वाढदिवसाचं, प्रत्येक सहलीचं पान त्यांनी वहीसारख्या मोठ्या अल्बममध्ये लावलं होतं.

मला सुरुवातीला हे सगळं नीट कळत नव्हतं, हे मान्य करायला हवं. फोटो असला की तो अल्बमच्या प्लास्टिकमध्ये सरकवायचा, एवढंच मला माहीत. त्याच्याखाली कागद, त्याखाली आणखी एक कागद, बाजूला फीत, हे कशासाठी, असं वाटायचं. पण हात कामात असले की बोलावं लागत नाही, आणि मला तिथे बोलायला फारसं काही नसायचं. म्हणून मी बसायचे. हळूहळू मला ट्रिमर सरळ चालवता येऊ लागला.

काकूंचे दोन नियम होते. मूळ फोटो कापायचा नाही, कॉपी काढून ती कापायची. आणि मूळ फोटो पानावर लावायचाच असेल तर त्याला गोंद लावायचा नाही, चार टोकांना कागदाचे त्रिकोणी कोपरे चिकटवायचे आणि फोटो त्यांत अडकवायचा. "उद्या काढावासा वाटला तर?" त्या म्हणायच्या.

मी माझं पहिलं पान केलं ते घर सोडतानाच्या फोटोचं.

तो फोटो बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या घरासमोर काढलेला. मुंबईला जायची जीप येऊन उभी होती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दादा दहावीनंतर टेम्पो चालवायला लागला. बाबांची पिठाची गिरणी. मी लहान असल्यापासून बाबा पाहिले ते पांढरेच, भुवयांवर पीठ, कानांच्या कडांवर पीठ. त्या दिवशी मात्र ते डोक्यावरून अंघोळ करून नवा आकाशी शर्ट घालून उभे होते आणि जरा अनोळखी वाटत होते. आई त्यांच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. दादा जीपवर बॅगा बांधत होता. माझा नवा कॅमेरा शेजारच्या सरांच्या हातात होता. आमच्या तिघांमध्ये एवढं अंतर होतं की ते म्हणाले, "अहो, जरा जवळ या. भांडण झालं काय घरात?"

सगळे हसले. मी एक पाऊल सरकले, आणि हात कुठे ठेवावा ते न कळून बाबांच्या खांद्यावर ठेवला. आमच्याकडे मोठी झालेली मुलगी बापाच्या अंगाला हात लावत नाही. पाया पडताना लागतो तेवढाच. माझ्या बाजूचा खांदा बाबांनी थोडा खाली केला, कारण मी उंचीने कमी आहे. तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

तो रोल मी अमेरिकेत आल्यावर धुतला. घरी पाठवायच्या प्रती काढून ठेवल्या होत्या, आमच्या बाजूला जाणारं कुणी भेटलं की द्यायच्या म्हणून. एक प्रत मी काकूंकडे नेली आणि पिठाच्या रंगाच्या कागदावर कोपऱ्यांत बसवली.

काकूंनी पान हातात धरून दूर नेलं. "छान. पण रिकामं दिसतंय. फोटोभोवती फुलांची बॉर्डर कर." त्यांनी पांढऱ्या आणि पिवळ्या कागदी फुलांचा डबा माझ्याकडे सरकवला. सगळी फुलं त्यांनी स्वतः पंचने पाडून, बोटांनी वळवून केलेली होती.

मी डबा उघडला, दोन फुलं उचलली आणि थांबले. "काकू, नको."

"का? कमी पडतील? आणखी आहेत."

"तसं नाही. बाबा आहेत ना फोटोत. फुलं लावली तर..."

काकूंनी पानाकडे पाहिलं, मग कपाळावर हात मारला. "अगं बाई! हार घातल्यासारखं दिसेल. बघ, इथे राहून राहून मेंदूला गंज चढला माझ्या. त्या क्राफ्टच्या दुकानात सगळ्या आजोबांना फुलं लावतात बायका, जिवंत आजोबांना."

"व्हॉट्स राँग विथ फ्लॉवर्स?" मुलीने विचारलं.

"आपल्याकडे फोटोला फुलं फक्त देवाच्या, नाहीतर गेलेल्या माणसाच्या," काकू म्हणाल्या. "तुझ्या बाबांच्या फोटोला लावते कधीतरी. फार बोलतात."

"ऐकू येतंय," काका सोफ्यावरून म्हणाले.

ते पान तसंच राहिलं, बिनफुलांचं. फोटोखाली मी एक जाड तपकिरी दोरा लावला, गिरणीतल्या पोत्याच्या सुतळीसारखा. त्या सुतळीवर मी खूश होते.

नोव्हेंबरात एका सकाळी दादाचा फोन आला. मी बसला निघत होते. बाबा दुपारी जेवून गिरणीत पोत्यांवर आडवे झाले आणि उठले नाहीत, असं तो म्हणाला. गिऱ्हाईक येऊन हाका मारत राहिलं. डॉक्टर येऊन गेले होते. मला हे सगळं नीट ऐकू येत होतं. मी विचारलं, "मग दळण कुणी दिलं?" असं का विचारलं ते मला अजून सांगता येत नाही. दादा म्हणाला, "दिलं कुणीतरी."

उद्या सकाळी नेणार होते. मी कितीही धावले असते तरी पोचले नसते. मामांनी फोन घेतला. "परीक्षा टाकून येऊ नको. त्यांनाच आवडलं नसतं. संपली की ये." मी बरं म्हटलं. मग बसने विद्यापीठात गेले. वर्गात सरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, ते बरोबर होतं. दुपारी डबा खाल्ला. रडू येईल म्हणून मी संध्याकाळी बाथरूममध्ये नळ सोडून बसले, पण आलं नाही. पाणी वाया जातंय असं वाटून नळ बंद केला. खोलीतल्या मुलींना मी सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नाही. सांगायला कुठून सुरुवात करतात ते मला आठवेना.

दोन दिवसांनी मी फोनचं कार्ड घेऊन घरी फोन लावला. दादाने उचलला. "काय करून राहिली?"

"अभ्यास."

"बरं. ऐक, बाबांचा फोटो पाहिजे. तेराव्याला लावायचा. घरात एक धड फोटो नाही. लग्नातला आहे, त्यात कोण कुठलं पोरगं वाटते. मतदानाच्या कार्डावरचा आहे, त्यात चोर पकडून आणल्यासारखे दिसतात." एवढं बोलून तो हसला आणि हसता हसता त्याचा आवाज बदलला. मी कार्डावर किती मिनिटं उरली असतील याचा विचार करत होते. तो सावरून म्हणाला, "जीपजवळचा आहे ना तुझ्याकडे? तो आकाशी शर्टातला. तो ई-मेलनं पाठव, इथं स्टुडिओवाला मोठा करून देईल. पण बाबा एकटेच पाहिजेत. आत्या म्हणते, आई नको, तू नको, कुणाचा हातही नको त्यात. हार चढतो त्या फोटोला. जित्या माणसाचं काही नको."

मी बरं म्हटलं. आधी वाटलं सोपं आहे. मग आठवलं, हात आहे.

शनिवारी काकू नेहमीसारख्या घ्यायला आल्या. व्हॅनमध्ये त्या थँक्सगिव्हिंगच्या कार्डांबद्दल बोलत होत्या. काकांच्या ऑफिसातल्या लोकांसाठी ढीगभर कार्डं करायची होती. मी हो हो म्हणत होते. मुलीला अपूर्णांक शिकवले. तिने एकदा काकूंना सांगितलं, "मॉम, शी इज टीचिंग मी द सेम वन अगेन." मी पान उलटलं. तास संपल्यावर मी टेबलाशी बसले, पिशवीतून माझं पान काढून समोर ठेवलं आणि म्हणाले, "काकू, ती फुलं आहेत का?"

"कुठली गं?"

"पांढरी. बॉर्डरची."

काकूंच्या हातात कात्री होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. कात्री खाली ठेवली. "कधी?" एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या उठून माझ्यामागे आल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला त्यांच्या हाताचं वजन कळत होतं, बाकी काही नाही. मुलगी डबा घेऊन आली होती. तिने तो टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलला आणि हळूच आत घेऊन गेली.

"आत्ता फुलं राहू देत," काकू म्हणाल्या. "काय करायचंय ते सांग."

मी सांगितलं. कामाचं बोलणं सोपं होतं. काकूंनी कोपऱ्यांतून फोटो अलगद सोडवला, काकांच्या स्कॅनरवर ठेवला आणि फोटोच्या कागदावर मोठ्या प्रती काढल्या. पहिल्या प्रतीवर मी ट्रिमर चालवला. आई सहज सुटली, तिच्या आणि बाबांच्या मध्ये घराची भिंत दिसत होती. मग मी स्वतःला कापलं. माझा चेहरा, माझा ड्रेस, कोपरापर्यंतचा हात, सगळं एका पट्टीत निघून आलं. बाबांच्या खांद्यावर चार बोटं राहिली. कुणाची ते आता कळत नव्हतं. काहीतरी मागून येऊन तिथे बसल्यासारखी दिसत होती.

काकूंनी शर्टाच्या रंगाच्या कागदाचा तुकडा कापून बोटांवर ठेवून पाहिला. आम्ही दोघी बघत राहिलो. बँडेज लावल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या प्रतीवर मी बारीक कात्रीने बोटंच कापून काढली. बाबांच्या खांद्याला दातेरी भोक पडलं. काकूंनी ती प्रत पटकन उलटी ठेवली.

काका सोफ्यावरून उठून आले. ते म्हणाले, "मी कॉम्प्युटरवर काढून देऊ का? शर्टाचाच रंग उचलून तिथे भरायचा. होईल." मग मला म्हणाले, "तुला चालेल ना?"

"हो."

ते बराच वेळ माउस हलवत बसले. मी त्यांच्यामागे उभी होते. एकेक बोट गेलं. त्या जागी आकाशी कापड आलं, चुण्यांसकट. "बघ, कळतही नाही," ते म्हणाले, आणि खरंच कळत नव्हतं. बाबा एकटे उभे होते. फक्त एक खांदा खाली होता. इतके दिवस मला कधी दिसलं नव्हतं की ते किती झुकले होते. आता तिथे कुणीच नव्हतं आणि ते तरीही झुकलेले होते.

काकूंची मुलगी येऊन बाजूला उभी राहिली होती. "ही इज लीनिंग ऑन नथिंग," ती हळूच म्हणाली.

"तू आत जा," काकू म्हणाल्या.

"राहू द्या," मी म्हणाले. "बरोबर आहे ती."

काकांनी दोन फाइली करून दिल्या. एकीत बोटं, एकीत नाहीत. निवडायचं मला होतं. घरून काय मागितलंय ते मला स्पष्ट माहीत होतं. काकूंनी चहा ठेवला. मी ई-मेल उघडून बसले. बिनबोटांची फाइल जोडली. पाठवायच्या बटणावर हात नेला की मला तो खाली झुकलेला खांदा दिसायचा. वाईट वाटत होतं असं म्हणणं खरं होणार नाही. काही वाटत नव्हतं. फक्त हात पुढे जात नव्हता. शेवटी मी दुसरीही फाइल जोडली. मजकुरात काय लिहावं सुचेना. "दादा, फोटो पाठवत आहे," एवढंच लिहून पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी फोन लावला.

"पोचले दोन्ही," दादा म्हणाला. "दोन कशाला पाठवले? मी सायबर कॅफेतून सीडीवर घेऊन दोन्ही मोठे करून आणले. हातवाल्याचं काय करू आता?"

"तुम्ही बघा."

मागून आत्याचा आवाज आला. "काय बघायचं त्यात? साफ आहे तो लावा. पोरीच्या जिवाला घोर कशाला?"

मग काहीतरी खुडबुड झाली आणि फोनवर आई आली. बाबा गेल्यापासून ती माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलली नव्हती. "जेवली का?" असं विचारायची आणि फोन देऊन टाकायची.

"बाई," ती म्हणाली, "तुझा हात कुठं गेला?"

"काढला, आई. दादानं सांगितलं होतं."

"ह्या दुसऱ्यात आहे ना."

"हो."

"मी पहिल्यांदा बघितला हा फोटो. मला वाटलं होतं नुसता लागला असेल. चांगली धरून उभी आहे तू. तू गेल्यावर तुझे बाबा आठ दिवस गिरणीत येईल त्याला सांगत होते. दळण टाकायच्या आधी सांगत. म्हणे, फोटो काढताना पोरीनं खांद्यावर हात ठेवला. बायका हसायच्या. म्हणायच्या, भाऊ, पीठ जाड पडून राहिलं, आधी चाकी बघा."

मी फोन कानाशी धरून उभी होते. समोर कार्पेटवर रूममेटच्या चपला होत्या, एक सरळ, एक उलटी.

"हाच लावू," आई म्हणाली.

"अगं वहिनी, असं नसतं करत," आत्या मागून म्हणाली. "काही झालं पोरीला तर? एवढ्या लांब आहे."

"लांब आहे म्हणूनच," आई म्हणाली. मग दोघी फोन विसरून आपसात बोलायला लागल्या. आत्या रडत होती. आई रडत नव्हती. दादा मध्येच म्हणाला, "हार मोठा आणतो मी. त्याच्याखाली झाकतील बोटं. मग कोणाला दिसतात?" आत्याचं रडणं थांबलं. मग आत्या म्हणाली, "झाकतील का नक्की?"

"खांद्यावरूनच जातो हार," दादा म्हणाला.

तेवढ्यात माझं फोनचं कार्ड संपलं.

परीक्षा मी दिल्या. बऱ्या गेल्या. शेवटच्या शनिवारी काकूंकडे गेले तेव्हा माझं पान टेबलावर होतं. मूळ फोटो पुन्हा चारही कोपऱ्यांत अडकवलेला, आई, बाबा, मी, खाली सुतळी. भोवती फुलं नव्हती. डबा बाजूला ठेवलेला होता, झाकण बंद. "तुझं तू ठरव," काकू म्हणाल्या. फोटोत आम्ही तिघं होतो आणि तिघांतले दोघं जिवंत होते. मी फुलं लावली नाहीत. पान पिशवीत घातलं आणि काकूंना नाताळची कार्डं करायला मदत केली.

घरी पोचले तेव्हा गिरणी चालू होती. दादाने टेम्पो विकून तीच चालवायला घेतली होती. बाहेरच्या खोलीत बाबांचा फोटो दारासमोरच्या भिंतीवर होता. चंदनाचा जाड हार दोन्ही खांद्यांवरून खाली आलेला. बाबा आकाशी शर्टात, एका बाजूला जरासे झुकलेले. बोटं दिसत नव्हती. येणारे जाणारे नमस्कार करत होते आणि कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं. मीही नमस्कार केला. मला तेव्हाही रडू आलं नाही. आत्या माझ्याकडे बघत होती, मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तेव्हा आई स्टुलावर उभी होती. गिरणी भिंतीला लागून असल्यामुळे रोज सगळ्यावर पीठ बसतं, फोटोच्या काचेवरही. तिने पदराने बाबांचा चेहरा पुसला, शर्ट पुसला. मग एका हाताने हार बाजूला उचलून धरला आणि खांद्यावरची काच पुसली. तिथे पीठ फारसं नसणार, हाराखाली होतं ते. तरी तिने नीट पुसलं. मग हार होता तसा सोडला.

"चहा ठेव," मला बघून ती म्हणाली.

मी आत जाऊन चहा ठेवला.